हिरडा, हिरडी

तिसऱ्या जोडाच्या वेणीवर लाल ठिपका पडला
तेव्हा मी म्हटलं, रंगाचा असेल.
सुभाषनगरात कुणाच्या ना कुणाच्या उंबऱ्यावर
रंग सांडलेलाच असतो.
पण वादी माझ्या दातांत होती
आणि रंगाची वाटी झाकलेली.

व्यापाऱ्यानं तो जोड परत धाडला.
माझ्या सुनेनं, नूतननं, ठिपका नखानं खरवडला,
मग माझ्याकडं बघितलं.
काही बोलली नाही.

वादीचं एक टोक पायाच्या अंगठ्यात, दुसरं दातांत,
दोन्ही हात वेणीला मोकळे.
एकतीस वर्षं हा तिसरा हात मी फुकट राबवला.
सकाळी मिश्री, दुपारी मिश्री,
हिरडी ठणकली की पुन्हा मिश्री,
कारण ती लावली की बधिर होतं
आणि बधिर झालं की आम्ही बरं झालं म्हणतो.
ब्रश लागला की रक्त,
म्हणून ब्रश सोडला.
मोरीत चूळ टाकून वर तांब्याभर पाणी ओतायचे,
कुणी बघायच्या आत.
जेवताना म्हणायचे, आधी पांढरा वाढ,
आणि तांबडा तसाच राहायचा वाटीत, साय धरून.

राजारामपुरीत दुसऱ्या मजल्यावर डॉक्टर मगदूम,
पोरगी नूतनपेक्षा लहान.
हिरडीच्या कडेनं बारीक सळई आत घालत
पलीकडच्या मुलाला आकडे सांगू लागली.
तीन, तीन, पाच.
दोन, चार, सहा.
माझ्या कानाला आकडे म्हणजे पावलं.
पाच म्हणजे नूतन, सहा म्हणजे माझी थोरली, इचलकरंजीची.
दवाखान्यात चपलांची मापं कशाला?
सळई निघाल्यावर विचारलं, कुणाचं माप हे?
म्हणाली, मावशी, दात आणि हिरडीमधल्या फटीचं.
मिलिमीटरचं.
तीनपर्यंत चालतं.

आरसा दिला हातात.
दातांच्या मुळाशी मळकट दगड.
रोजचा चिकट थर निघाला नाही की त्याचा दगड होतो म्हणाली.
त्यावर जंतू घर करतात, हिरडी सुजते, दात सोडते
आणि खालचं हाड गुपचूप मागं सरतं.

मी म्हटलं, बाई, आम्ही चामड्यातली माणसं.
बाभळीची साल, हिरडा,
सैल कातडं घट्ट कसं होतं ते आमच्या घरात ठाऊक.
हिरड्याच्या पाण्यानं गुळण्या करू?
तोंडावरचा मास्क हलला, हसली असावी.
हिरडा मेलेल्या कातड्याला, मावशी.
हिरडी जिती आहे.
तिला कमवायचं नसतं, स्वच्छ ठेवायचं असतं.

शेजारच्या राऊबाईनं बजावलं होतं,
दगड काढला की दात हलतात.
हललेच.
डॉक्टर म्हणाली, हलत होते आधीपासून,
दगडानं धरून ठेवले होते.
वाईटाचाही असा आधार होतो, हे मला
चपलेच्या कुजलेल्या तळावरून कळायला हवं होतं.
साखर तपासा, असंही तिनं लिहून दिलं.
साखर निघाली.
ती गोष्ट वेगळी, तिचा कागद वेगळा.

आता रात्री मोरीच्या दिव्याखाली मऊ ब्रश
तिरका धरते, दात नि हिरडी मिळतात त्या शिवणीवर.
दाबायचं नाही.
रक्त आलं तरी थांबायचं नाही, मळ राहिला म्हणूनच ते येतं.
बारा दिवस गुलाबी पाणी.
तेराव्या दिवशी पांढरं.
मी ते ओतून टाकलं नाही लगेच,
उभी राहिले बघत.

खालचा एक दात मात्र हलतोच.
गेलेलं हाड परत येत नाही,
हे तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.
मिश्रीची डबी फळीवर आहे.
एकदा उघडली, वास घेतला, झाकली.
एकदा झाकली नाही.

वादी धरायला पोरानं लोखंडी चिमटा ठोकून दिलाय पाटाला.
सहा जोडांच्या वेण्या व्हायच्या दिवसाला, आता चार.
मान सवयीनं खाली जाते, तोंड वादीकडं,
आणि स्वयंपाकघरातून
नूतन खाकरते.